मण्यार की कवड्या?

परिसरातील प्राणी ओळखावयास शिकविताना शिक्षकबंधुभगिनींनी ही जोडी अवश्य घ्यावी. दोन्ही साप निशाचर, दोन्हींच्या अंगावर पांढुरके पट्टे. परंतु कवड्या बिनविषारी, तर मण्यार अतिविषारी. मण्यारीच्या चकचकीत काळ्या अंगावरील बारीक पट्टे डोक्याकडे अस्पष्ट असून शेपटीकडे ठळक होतात. तपकिरी कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील मोठे षट्कोनी खवले ही खरी खूण. पण ती पाहण्यास फार जवळ जावे लागते, म्हणून ती चित्रातच दाखवावी! मण्यारीच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून ओळख पटो वा न पटो, दंशाची नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.