मोघम आठवणींचा आजार

एक प्रयोग करा. ‘आनंद’ हा शब्द वाचून आठवलेला एक प्रसंग वहीत लिहा. ‘आम्ही दरवर्षी माळेगावच्या जत्रेला जातो’ असे लिहिले असेल, तर खोडा! प्रसंग एकाच दिवसाचा हवा. ‘गेल्या जत्रेत मामाने मला घोड्याजवळ नेले आणि मी घाबरून त्याच्यामागे लपलो’ हे चालेल. सोपे आहे ना?

मन खचलेल्यांना हे अवघड जाते. १९८६ साली इंग्लंडमधील मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट यांना असे आढळले, की अशी माणसे प्रसंगाऐवजी मोघम उत्तर देतात. नेमकी आठवण शोधताना दुखऱ्या जागेला धक्का लागतो, म्हणून मन वरवरच थांबत असावे. पण या सवयीने चांगले दिवसही मोघमात बुडतात. ‘माझे कधीच काही धड झाले नाही’ हे वाक्य खोडून काढायला मग पुरावाच सापडत नाही.

लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी ४२ जणांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार जडला होता. त्यांत नैराश्यही होते. घरे पुन्हा बांधता आली. मनाचे काम अधिक चिवट!

यावर एक उपाय गटात बसून केला जातो. बेल्जियममध्ये फिलिप रास यांनी २००९ साली नैराश्याच्या दहा रुग्ण स्त्रियांना आठवड्यातून एकदा, असे चार वेळा, नेमके आठवण्याचा सराव दिला. त्यांच्या आठवणी नेमक्या होऊ लागल्या. पुढे इराणमध्ये, युद्धात वडील गमावलेल्या अफगाण मुलामुलींच्या गटाला पाच आठवडे हाच सराव दिला. दोन महिन्यांनी त्यांचे नैराश्य सराव न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी भरले. मुले होती अवघी २३, तेव्हा हुरळून जायला नको. गटाचा फायदा असा, की एकजण अडला की दुसऱ्याचे ऐकून त्यालाही धागा सापडतो. आपल्याकडे पारावर बसलेली म्हातारी मंडळी ‘कोणत्या साली? बरोबर कोण होते?’ म्हणून खोदून विचारतात, तसेच हे!

कडू आठवणीसाठी दुसरी युक्ती आहे. तीच घटना जरा दूर उभे राहून, त्रयस्थासारखी पाहायची आणि ‘मला असे का वाटले?’ हे विचारायचे. इथन क्रॉस व ओझलेम आयडुक यांच्या २००५ सालच्या प्रयोगांत अशाने राग कमी उसळला. नुसते दूर पळणे मात्र उपयोगाचे नाही, आणि भूकंपासारख्या आघाताची आठवण जाणकाराशिवाय उकरू नये.

घरात कोणी आठवडेच्या आठवडे गप्प, उदास असेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. तेथे मराठीतही बोलता येते.