रेहेकुरीचे काळवीट: मोजायचं काय, डोकी की जनुकं?

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली ते जाहीर झालं. क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर, भोवती शेतं. समजा, इथल्या काळविटांचा इतर कळपांशी संबंध पूर्ण तुटला. काही पिढ्यांनी काय होईल? हे तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, नैसर्गिक निवड. माळरानावर चपळ प्राणी जास्त वाचतो, त्याची पिल्लं जास्त होतात. म्हणजे निवडीमागे काहीतरी कारण असतं.

दुसरी, जेनेटिक ड्रिफ्ट. हा निव्वळ योगायोग. पिल्लाला आईची निम्मी आणि बापाची निम्मी जनुकं मिळतात. कोणती, ही सोडत. मोठ्या कळपात कमी-जास्त भरून निघतं. लहान कळपात मात्र जनुकाचं एखादं रूप कायमचं गळतं, मग ते कितीही उपयोगाचं असो.

आता बघा, लहान म्हणजे किती? काळविटांत मोजके ताकदवान नर आपापली जागा राखतात, बाकीच्यांना संधी कमी. समजा, ५ नर आणि ९५ माद्यांची वीण होते. मोजणीत आले १००. पण प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा त्या पाचांकडूनच येतो. सूत्र असं: ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. उत्तर येतं १९! शंभरांचा कळप जनुकांच्या हिशेबात एकोणीसांचा. दर पिढीला सुमारे २.६ टक्के विविधता कमी होते.

तिसरी गोष्ट, जनुकप्रवाह. बाहेरून नर आला, वीण झाली, की गळालेली रूपं परत येऊ शकतात. ढोबळ नियम असा, की पिढीमागे एखादा पाहुणा वीण करून गेला तरी दोन कळप जनुकांनी फार दुरावत नाहीत.

असे पाहुणे खरंच येतात का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अनन्या जाना आणि प्रवीण कारंत यांनी काळविटांच्या लेंड्यांतून डीएनए तपासला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. देशात उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन गट दिसले. माद्या बहुतेक आपल्याच भागात राहतात, पण नर अपेक्षेपेक्षा जास्त फिरतात.

म्हणून कुंपणाच्या आतली संख्या वाढली, एवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. दोन माळरानांमधली पडीक जमीन, गायरान मोकळं राहिलं, तर तो फिरता नर पोचेल. आणि वाटेत शेत लागणारच. म्हणून पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणं हाही जनुकप्रवाहाचाच भाग समजा.