आजीच्या परातीतली अक्षरे

शाळेला सुट्टी लागली की आपल्या वस्तीत घरोघरी सारखेच चित्र दिसते. मुलगा-सून सकाळीच कामाला जातात आणि नातवंडे आजीजवळ राहतात. दुपारचे चार वाजले की पोरांना भूक लागते. मग दहा रुपये घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानात पळतात. पाकीट दोन मिनिटांत संपते, भूक मात्र तशीच राहते. घरातल्या डब्यांत कणीक, गूळ, शेंगदाणे, चुरमुरे असतातच. त्यांचाच खाऊ करावा आणि करताना नातवंडांना जवळ बसवावे, असे आम्हाला वाटते.

पहिला खाऊ सुकडी. आजच्या अनेक आज्यांनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आहे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी त्यांना आठवत असेल. घरी करायची तर एक वाटी कणीक अर्ध्या वाटी तुपात मंद आचेवर तांबूस भाजावी. खमंग वास सुटला की पातेले खाली उतरवून त्यात पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ घालून भराभर हलवावे. तूप लावलेल्या ताटात थापावे आणि कोमट असतानाच वड्या कापाव्यात. वड्या कापताना खडी फोडायच्या दिवसांची गोष्टही सांगावी. घरात अन्न कसे आले, हे मुलांना कळायला हवे.

दुसरा खाऊ चुरमुऱ्यांचे लाडू. एक वाटी गुळाचा पाक करावा. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की त्याची गोळी झाली पाहिजे. त्यात चार वाट्या चुरमुरे मिसळावेत. पाकाजवळ मुलांना मुळीच येऊ देऊ नये, त्याचा चटका फार वाईट. हाताला सोसेल इतके निवले की ओल्या हाताने लाडू वळायला द्यावेत. मिश्रण सुटू लागले तर पातेले पुन्हा जरा गरम करावे. अगदी लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट करावे.

तिसरा खाऊ मुलांच्या खास आवडीचा, अक्षरांचा. अर्धी वाटी गूळ अर्ध्या वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. त्यात चिमूटभर मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट गोळा मळावा. मुलांनी त्याच्या बारीक वळ्या करून परातीत अक्षरे जुळवावीत. कुणी ‘अ’ करील, कुणी पिंपळपान, कुणी मासा. तळणे आजीचे काम. आच मंद ठेवावी, गुळामुळे ती लवकर करपतात.

आपल्या कितीतरी आज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. नातीने आजीच्या नावाची अक्षरे कणकेची करून तिच्यापुढे मांडली, तर आजी ती बोटाने गिरवील. पाटीपुढे बसायला संकोच वाटतो, परातीपुढे वाटत नाही.

आजीचे माप मुठीचे आणि चिमटीचे. ते कुठे लिहिलेले नसते, आणि तिच्याबरोबरच जाते. म्हणून शाळेत जाणाऱ्या नातवाने तिची मूठ वाटीत मोजून घ्यावी आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर कृती लिहून ठेवावी. वर आजीचे पूर्ण नाव आणि तारीख घालावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. परातीशी फक्त नातीला बसवू नका. नातवानेही कणीक मळावी आणि शेवटी भांडीही घासावीत. संध्याकाळी आई-बाप थकून घरी येतील, तेव्हा चहाबरोबर त्यांच्या ताटलीत पोरांच्या हातचा खाऊ असावा.