ॲडमिशननंतरचं इंग्रजी: क्लासची नवी संधी

आयईएलटीएसचे क्लास गल्लोगल्ली आहेत. पण परदेशात एमएस-पीएचडीला गेलेल्या मुलांची खरी परीक्षा पुढे असते: शोधनिबंध लिहायचा, सेमिनारमध्ये बोलायचं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट १९४१ पासून आहे. तिथले जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधाच्या प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या मांडल्या: विषय महत्त्वाचा का, आधीच्या कामात काय राहिलं आणि मी काय करतोय.

क्लास काढताय? मग नुसतं व्याकरण नको, हे शिकवा. मुलाच्याच मसुद्यावर काम करा. पाच मिनिटं बोलायला लावा, रेकॉर्डिंग ऐकवा.

मात्र निबंध लिहून देऊ नका. पैसे पटकन मिळतील, पण पकडला गेला तर त्याची डिग्री धोक्यात आणि तुमचं नावही. धंदा विश्वासावरच टिकतो!