कॉलेजचे शुल्क आणि राहण्याचा खर्च : सरकारी शिष्यवृत्तीचे गणित कोलकात्यात कसे जुळते?

कोलकाता - कॉलेजच्या शिक्षणासाठी सरकार जी आर्थिक मदत देते, तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला, शिक्षण शुल्काची भरपाई. दुसरा, निवास, भोजन व पुस्तके यांसाठी दिला जाणारा भत्ता. तिसरा, सरकारच्या हमीवर मिळणारे स्वस्त कर्ज. पहिल्या दोन प्रकारांतील रक्कम परत करावी लागत नाही. तिसरी करावी लागते. विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडते, हे या तिन्हींच्या मेळावर ठरते. त्याचे चांगले उदाहरण कोलकात्यात पाहावयास मिळते.

दोन शतकांचा जुना वाद

विद्यार्थ्याला शिकण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत काय, हा प्रश्न याच शहरात एकोणिसाव्या शतकात गाजला होता. 1824 मध्ये सुरू झालेल्या संस्कृत कॉलेजात आणि त्याआधीच्या कलकत्ता मदरशात विद्यार्थ्यांना मासिक विद्यावेतन मिळत असे. 2 फेब्रुवारी 1835 च्या आपल्या टिपणात मेकॉले यांनी या पद्धतीवर टीका केली. मदरशातील 77 विद्यार्थ्यांवर महिन्याला पाचशेहून अधिक रुपये खर्च होतात, उलट इंग्रजी शिकणारे मात्र स्वतः शुल्क भरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर 7 मार्च 1835 रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांच्या ठरावाने नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचे विद्यावेतन बंद झाले.

हा निर्णय फार काळ टिकला नाही. लॉर्ड ऑकलंड यांनी 1839 मध्ये गुणवंत विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्यांचा पुरस्कार केला. गरीब घरातून आलेले ईश्वरचंद्र विद्यासागर हेही संस्कृत कॉलेजात शिष्यवृत्तीच्या आधारानेच शिकले होते.

केंद्र आणि राज्य यांचा वाटा

स्वतंत्र भारतातील सर्वात मोठ्या शिष्यवृत्ती योजनांपैकी एक म्हणजे अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अस्पृश्यांच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला. 1944 पासून ही योजना अस्तित्वात आली.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यात मोठा बदल केला. खर्चाचा 60 टक्के भाग केंद्राने व 40 टक्के भाग राज्याने उचलावा आणि पाच वर्षांत एकूण 59 हजार कोटी रुपये खर्च व्हावेत, असे ठरले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेले विद्यार्थी पात्र ठरले. परत न मिळणाऱ्या शुल्काबरोबरच अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला 2,500 ते 13,500 रुपयांचा शैक्षणिक भत्ता निश्चित करण्यात आला. वसतिगृहात राहणाऱ्यांना तो अधिक मिळतो.

पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. आधी राज्य आपला वाटा भरते, मग केंद्राचा वाटा येतो. त्यामुळे राज्याकडून विलंब झाला, तर पुढचा हप्ताही अडतो. कॉलेजचे शुल्क मात्र प्रवेशाच्या वेळीच भरावे लागते. या दोन तारखांमधील अंतर हीच गरीब कुटुंबांची खरी अडचण ठरते.

विकास भवनाची शिष्यवृत्ती

पश्चिम बंगालच्या स्वामी विवेकानंद गुणवत्ता-नि-उत्पन्न शिष्यवृत्तीला विद्यार्थी सरसकट 'विकास भवन' या नावानेच ओळखतात. सॉल्ट लेकमधील ज्या इमारतीत शिक्षण खात्याची कार्यालये आहेत, तिचे हे नाव. या योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. आवश्यक गुणांची अट आधी 75 टक्के होती. ती पुढे 60 टक्क्यांवर आणण्यात आली. पदवीच्या कला शाखेसाठी महिना 1,000, विज्ञानासाठी 1,500, तर अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांसाठी 5,000 रुपये असे दर ठरले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला म्हणजे वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. जादवपूरसारख्या सरकारी अनुदानावरील विद्यापीठात शुल्क काही हजारांच्याच घरात असल्याने ही रक्कम खोलीभाडे व जेवणासाठी उपयोगी पडते. खासगी कॉलेजात मात्र तीच रक्कम शुल्कालाही पुरी पडत नाही. रक्कम एकच, पण परिणाम दोन.

मुलींसाठी 2013 मध्ये कन्याश्री प्रकल्प सुरू झाला. 18 वर्षे पूर्ण झालेल्या, शिकत असलेल्या व अविवाहित मुलीच्या खात्यात एकरकमी 25 हजार रुपये जमा करणे, हे त्याचे मुख्य सूत्र. बालविवाह टाळून मुलींना शिक्षणात टिकवणे हा त्यामागील हेतू होता. 2017 मध्ये या प्रकल्पाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला.

कर्जाची वाट

शिष्यवृत्ती अपुरी पडते, तेथे कर्जाचा पर्याय उरतो. राज्य सरकारने 30 जून 2021 रोजी स्टुडंट क्रेडिट कार्ड योजना सुरू केली. तीनुसार दहा लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 4 टक्के सरळ व्याजाने घेता येते. हमी सरकारची, परतफेडीची मुदत 15 वर्षे. शुल्काखेरीज वसतिगृह, पुस्तके व संगणक यांचा खर्चही त्यातून भागवता येतो. पूर्ण रक्कम उचलल्यास वर्षाचे व्याजच 40 हजार रुपये होते, हे अर्जापूर्वी ध्यानात घेणे इष्ट.

महाराष्ट्राचा मार्ग वेगळा

महाराष्ट्रात भर आहे तो शुल्कावर. 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार, आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली. खासगी कॉलेजांची संख्या मोठी असलेल्या राज्यात ही सवलत मोलाची आहे. परंतु गावातून शहरात आलेल्या मुलीचा खोलीभाड्याचा व खानावळीचा प्रश्न शुल्कमाफीने सुटत नाही.

म्हणूनच एखाद्या योजनेचा अर्ज भरताना केवळ एकूण रक्कम पाहून चालत नाही. ती शुल्कासाठी आहे की निर्वाहासाठी, खात्यात केव्हा जमा होणार, दरवर्षी नूतनीकरणासाठी किती गुण लागणार आणि तिच्याबरोबर दुसरी शिष्यवृत्ती घेता येते काय, या चार गोष्टींची खातरजमा प्रवेशापूर्वीच करून घेणे हिताचे.