नॅनी, डे-केअर की आजी-आजोबा? शुगर लँडमधील बालसंगोपनाचा हिशेब

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, फोर्ट बेंड काउंटीतल्या शुगर लँडमध्ये भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात अशा तिथल्या मराठी घरांत मूल कोणी सांभाळायचे हा प्रश्न भारतातल्यापेक्षा लवकर उभा राहतो. भारतात २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. अमेरिकेत १९९३च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी, आणि लहान कंपन्यांना तो कायदा लागू नाही. कंपनीने स्वतःहून अधिक काही दिले नाही, तर बाळ तीन महिन्यांचे होण्याआधीच सोय लागलेली असावी लागते.

पूर्णवेळ नॅनीचा खर्च ताशी दरावरून कळत नाही. आठ तासांची नोकरी, जेवणाची सुटी आणि साउथवेस्ट फ्रीवेवरची गर्दी धरली की आठवड्याचे ५० तास सहज होतात. ये-जा करणाऱ्या नॅनीला ४० तासांपुढे दीडपट दर देणे केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. ताशी २० डॉलर धरले तर ४० तासांचे ८०० आणि वरच्या १० तासांचे ३००, म्हणजे आठवड्याला १,१०० डॉलर. पगारी सुट्यांसह वर्षाचे ५७,२०० झाले. त्यावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के वाटा सुमारे ४,३७५ डॉलर. केंद्राचा बेकारी कर बहुधा ४२ डॉलर, आणि टेक्सासचा, नव्या मालकाच्या नेहमीच्या २.७ टक्के दराने पहिल्या ९,००० डॉलरवर, २४३ डॉलर. एकूण ६१,९००च्या घरात. नॅनी आजारी पडली तर त्या दिवसाची पर्यायी सोय वेगळीच.

हे कर टाळून रोख पैसे देण्याची प्रथा सर्वत्र आहे. ती चुकीची आहे, आणि केवळ कायदा मोडतो म्हणून नाही. २०२५ मध्ये वर्षाला २,८०० डॉलर किंवा त्याहून अधिक मजुरी मिळणाऱ्या घरकामगारासाठी हे कर भरणे सक्तीचे होते. ती मर्यादा वरचेवर वाढते. कर न भरल्यास म्हातारपणी त्या बाईच्या पेन्शनच्या खात्यात या वर्षांची नोंदच सापडत नाही. परस्पर ओळखीतून मूल सांभाळायला येणारी महिला एच-४ या आश्रित व्हिसावर असेल आणि तिच्याकडे कामाचा परवाना नसेल, तर धोका तिच्या स्वतःच्या व्हिसालाही असतो.

डे-केअरचा हिशेब मुलांच्या संख्येने बदलतो. महिना १,५०० डॉलर शुल्क धरले तर एका मुलाचे वर्षाला १८,००० होतात. नॅनीशी तुलनाच नको. दोन मुलांचे ३६,००० आणि तिघांचे ५४,००० झाले की अंतर बरेच मिटते, कारण नॅनीचा पगार दुसऱ्या मुलामुळे दुप्पट होत नाही. तान्ह्या बाळांचे शुल्क सर्वांत जास्त असते. टेक्सासच्या नियमाप्रमाणे वर्षाआतल्या चार बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती लागते, तर चार वर्षांच्या १८ मुलांमागे एक चालते. ताप आलेले मूल केंद्रात ठेवून घेत नाहीत, आणि संध्याकाळी उशीर झाल्यास बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो. पहिल्या वर्षी आई-वडिलांच्या किती रजा अशा जातात, हेही खर्चात धरायला हवे. नोंदणीकृत घरगुती पाळणाघर सहसा स्वस्त पडते. त्याचे तपासणी अहवाल राज्याच्या आरोग्य व मानवसेवा विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात, आणि ते पाहिल्याशिवाय मूल कुठेही ठेवू नये.

घरात एक खोली मोकळी असेल तर ओ पेअर हा पर्याय आहे. परदेशातून जे-१ व्हिसावर आलेली ही तरुण व्यक्ती आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास मूल सांभाळते. केंद्रीय नियमाने तिला आठवड्याला किमान १९५.७५ डॉलर, राहणे-जेवण आणि शिक्षणासाठी ५०० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय एजन्सीचे शुल्क.

मराठी घरांत मात्र पहिला विचार आजी-आजोबांचा होतो. पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते, म्हणून आधी एकीकडचे आई-बाबा आणि मग दुसरीकडचे, अशी वर्षाची वाटणी होते. बाळाच्या कानावर मराठी पडते आणि आजीच्या हातचा मऊ भात मिळतो. याचे मोल डॉलरमध्ये निघत नाही. तरी ही सोय फुकट नाही. विमानाची तिकिटे आणि प्रवासी आरोग्य विमा यांचा खर्च असतो, आणि मधुमेह-रक्तदाबासारख्या जुन्या दुखण्यांना बहुतेक पॉलिसी पूर्ण संरक्षण देत नाहीत. पर्यटक व्हिसावर पगारी काम करता येत नाही. शुगर लँडमध्ये गाडीवाचून अडते. साठी उलटलेल्या माणसांनी दिवसभर बंद घरात एकट्याने रांगते मूल सांभाळायचे, हे कष्ट मोठे आहेत. आठवड्यातले दोन-तीन दिवस डे-केअर आणि उरलेले दिवस आजी, ही विभागणी अधिक न्याय्य ठरते.

कंपनीत डिपेंडंट केअर खात्याची सोय असेल तर २०२६ पासून वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत रक्कम करमुक्त बाजूला ठेवता येते. आधी मर्यादा ५,००० होती. सांभाळणाऱ्याचा कर-क्रमांक द्यावा लागत असल्याने रोखीच्या व्यवहाराला हा लाभ मिळत नाही.

मूल चार वर्षांचे झाले की आणखी एक दार उघडते. ज्या मुलांना इंग्रजी बोलता-समजता येत नाही, ती टेक्सासच्या सार्वजनिक शाळांतील मोफत प्री-के वर्गाला पात्र असतात. घरात मराठीच बोलणाऱ्या पालकांनी शाळेकडे याची चौकशी जरूर करावी. १ सप्टेंबरला पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बालवर्ग सर्वांसाठीच मोफत आहे. त्यानंतर शाळा सुटल्यापासून ऑफिस सुटेपर्यंतचे तास आणि उन्हाळ्याची सुटी एवढ्यापुरतीच तरतूद करावी लागते.