जुन्या ट्रॅक्टरच्या तेलाला नवी वाट

जुन्या ट्रॅक्टरमागचा नांगर तेलाच्या दाबाने उचलला जातो. त्याच दाबाने आपल्याला ट्रॉलीही उलटवायची असेल, तर तेलाला बाहेर वाट हवी आणि त्या वाटेवर व्हॉल्व्ह हवा.

बऱ्याच ट्रॅक्टरांत पंप सतत तेल ढकलतो. काम नसताना ते टाकीत परतते. तेथे नवा व्हॉल्व्ह पंप आणि लिफ्ट यांच्यामध्ये बसवतात. दांडा मध्यावर असताना त्याने तेल लिफ्टकडे जाऊ दिलेच पाहिजे. पंपाजवळ जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही हवा. नाहीतर दट्ट्या टोकाला पोचताच नळी फुटेल. १९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये मात्र नियंत्रण पंपाच्या शोषण बाजूला आहे. तेथे हीच जोडणी जशीच्या तशी चालत नाही.

आता पास्कलच्या नियमाने हिशेब करू. दट्ट्याचा व्यास ८ सें.मी., म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. सें.मी. दर चौ. सें.मी.ला १५० किलोग्रॅम दाब असेल, तर ७,५०० किलोग्रॅम वजनाइतके बल मिळते. दट्ट्या ६० सें.मी. सरकायला ३ लिटर तेल लागते. मिनिटाला २० लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी ९ सेकंद पुरतात. म्हणजे बल ठरते दाबावर व दट्ट्यावर, वेग ठरतो पंपावर. व्हॉल्व्ह फक्त वाट दाखवतो. हे ३ लिटर टाकीतूनच जातात, म्हणून तेलाची पातळी आधी तपासावी.

गळती बोटाने कधीही शोधू नये, पुठ्ठा धरावा. बारीक छिद्रातली धार कातडी भेदते. जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकूशिवाय जाऊ नये.